पिशवीवाली

गायकाकांना आईवडिलांनी ठेवलेलं एक नाव होतं, पण ते हजेरीच्या वहीपुरतं. शाळांच्या सहली गोठा बघायला येऊ लागल्या, तेव्हा कुठल्याशा चिमुरडीनं त्यांना ‘गायकाका’ अशी हाक मारली आणि मग काय, डेअरीतल्या ड्रायव्हरपासून मॅनेजरपर्यंत सगळ्यांनी तीच उचलली. घरी बायको ‘अहो’ म्हणायची. रागावली की ‘अहो गायकाका’ म्हणायची, आणि तेव्हा आपलं आपण समजून घ्यायचं.

त्यांच्या ताब्यातली गाय मात्र सगळ्या गावाला तोंडओळखीची होती. डेअरीच्या दुधाच्या पिशवीवर छापलेली होती ती हीच. नुसतं तोंड होतं, पांढरंशुभ्र, मान किंचित डेअरीच्या नावाकडे वळलेली आणि डाव्या डोळ्याभोवती काळा डाग. बारा वर्षं ती रोज सकाळी घरोघर जात होती. तिचे स्टिकर निघाले, टोप्या निघाल्या, पोरांच्या पाण्याच्या बाटल्या निघाल्या. चौकात तिचा सात फुटी फायबरचा पुतळा उभा राहिला आणि माणसं एकमेकांना ‘गाईपाशी भेटू’ म्हणून सांगायला लागली. रेडिओवर तिची जाहिरात लागायची. तिच्यात हंबरणारा कुणी माणूसच होता, आणि त्यानं जन्मात गोठ्यात पाऊल टाकलेलं नाही असं गायकाकांचं ठाम मत होतं. गोठ्यावरचे लोक ह्या गाईला ‘पिशवीवाली’ म्हणायचे.

आणि गोठ्यात उभी होती ती पिशवीवाली नव्हतीच.

एवढी एक गोष्ट पाच वर्षं गायकाकांच्या पोटात होती. ती बायकोला ठाऊक होती आणि जुन्या सुपरवायझरना ठाऊक होती. सुपरवायझर निवृत्त होऊन लांब लेकीकडे राहायला गेले, तसं हे लोढणं दोघा नवराबायकोच्या गळ्यात राहिलं. पिशवीवरची ती थोरली. गोठ्यात होती ती तिची मुलगी, धाकटी. ही नावं घरातच घ्यायची, तीसुद्धा दार लावून.

थोरली गेली ती गायकाकांच्या हलगर्जीपणानं. ह्यात सारवासारव करण्यासारखं काही नाही आणि त्यांनीही ती कधी केली नाही. एके दुपारी जेवून आल्यावर त्यांचा डोळा लागला. चाऱ्याच्या खोलीची कडी लावायची राहिली होती. सकाळीच कोवळ्या ओल्या घासाची गाडी आत उतरली होती. थोरली लाडाची, तिला दुपारी मोकळं सोडायचे. ती सरळ आत शिरली, पोटभर खाल्लं आणि पोट भरल्यावरही खात राहिली. काका उठून बघतात तर तिची डावी कूस टम्म फुगलेली. डॉक्टर बाहेरगावी. काकांनी तिच्या तोंडात आडवी काठी धरली, तेल पाजलं, तिला चालवलं, कूस चोळून चोळून हात सोलवटून घेतले. तासाभरात ती बसली, मग आडवी झाली, आणि संपलं.

सुपरवायझर धावत आले. त्यांनी एकदा गाईकडे बघितलं, एकदा काकांकडे. पुढच्या आठवड्यात चार शाळा येणार होत्या. ‘लोक पिशवी बघतात हो,’ ते म्हणाले, ‘गाय कोण बघतंय.’ त्यांनी थोरलीच्या कानातला नंबरचा बिल्ला काढून धाकटीच्या कानात घातला आणि वहीत धाकटीला मारून टाकलं.

धाकटीच्याही डोळ्याभोवती तसाच डाग होता. फक्त थोरलीचा उजव्या डोळ्याला, हिचा डाव्या. आणि गंमत अशी की पिशवीवरही डावाच. थोरली होती तोवर प्रत्येक सहलीत एखादं तरी पोर पिशवी तिच्या तोंडाशेजारी धरून म्हणायचंच, ‘काका, हिचा डाग चुकीच्या डोळ्याला आहे.’ मग काका सुपरवायझरांनी पढवलेलं सांगायचे, की गाईनं डेअरीच्या नावाकडे बघावं म्हणून छापताना फोटो उलटा केलाय, आरशात दिसतो तसा. सात वर्षांत हजारदा तरी सांगितलं असेल. धाकटी तिच्या जागी उभी राहिली आणि पोरांनी विचारायचं बंद केलं. खोटी गाय चित्राशी अगदी जुळत होती, खरी कधीच जुळली नव्हती.

काकांना त्या उलट्या फोटोबद्दल कधी शंका आली नाही. का येईल? धार काढणारा माणूस गाय तोंडावरून ओळखत नाही. बाकीच्या साठ गाईंना मशीन लावायचे, पण पिशवीवालीची धार हातानं काढायची, पोरांना दाखवायला. काका तिच्या उजव्या कुशीला उकिडवे बसायचे, कपाळ तिच्या पोटाला टेकवायचे आणि कामाला लागायचे. थोरलीचा एक सड जरासा बाहेर वळलेला होता. पान्हा सोडायच्या आधी ती एक लांब श्वास घ्यायची, तो त्यांना कपाळाला समजायचा. डोळे बांधून शंभर गाईंत सोडलं असतं तरी त्यांनी तिला नुसत्या हातानं शोधून काढलं असतं. तोंड बघायचं काम पोरांचं.

ती गेल्यावर मात्र त्यांचं पिशवीकडे लक्ष जायला लागलं. घरी दूध आलं की पिशवी तेच कापायचे, कोपऱ्यातून, हळू, तिच्या तोंडाला कात्री लागू न देता. ‘अहो, तोवर नासेल ते,’ बायको म्हणायची, पण तिनं कात्री कधी त्यांच्या हातातून काढून घेतली नाही. गाय गेली, आपण मारली, तरी ती रोज सकाळी एवढ्या घरांत जाते, आपल्याही घरात येते, असं त्यांनी मनाशी धरलं होतं. त्या आधारावर त्यांचे दिवस निघत होते.

अशात नव्या मॅनेजर मॅडमनी सगळ्यांना कॅन्टीनमध्ये जमवलं. मॅडम हुशार, उत्साही, आणि डेअरीत येऊन त्यांना जेमतेम वर्ष झालेलं. त्यांनी सांगितलं की पिशवी आता बदलायची. एका बाजूला जुना फोटो, दुसऱ्या बाजूला त्याच गाईचा आजचा. तेव्हाची आणि आताची. ‘सोळा वर्षांची गाय आणि अजून दूध देते,’ मॅडम म्हणाल्या. ‘दुसऱ्या कुठल्या डेअरीकडे आहे असं काही?’

लोकांनी टाळ्या वाजवल्या. कुणीतरी काकांच्या पाठीवर थाप मारली.

‘आणि फोटो काढायला कोण येणार माहितीये? ज्यांनी पहिला काढला तेच फोटोग्राफर. शोधून काढलं मी त्यांना. मूळ फोटो घेऊन या म्हणून सांगितलंय.’

मूळ फोटो म्हणजे न उलटवलेला. त्यात डाग उजव्या डोळ्याला असणार. तो फोटो गाईशेजारी धरला की आंधळ्यालासुद्धा दिसेल की ही ती नाही. काका टाळ्या वाजवत होते खरे, पण आपण टाळ्या वाजवतोय हे त्यांना इतरांच्या थांबल्यावर कळलं.

डेअरीच्या मागे कामगारांच्या खोल्या होत्या, त्यांतल्या दोन काकांना मिळालेल्या. घरी गेले तेव्हा बायको कपड्यांच्या घड्या घालत होती. तिनं त्यांचं तोंड बघितलं आणि हातातला सदरा खाली ठेवला. त्यांनी सगळं सांगितलं.

‘येऊ दे की,’ ती म्हणाली. ‘बारा वर्षांपूर्वी डाग कुठल्या डोळ्याला होता हे त्या माणसाला काय आठवणार आहे? माझ्या बहिणीच्या लग्नात तुम्ही काय घातलं होतं, आठवतंय?’

‘मला नाही आठवत. पण फोटो हातात असल्यावर त्याला आठवायची गरज काय?’

मागच्याच वर्षी दुधात पाणी घातलं म्हणून एका ड्रायव्हरला काढलं होतं, आणि संध्याकाळच्या आत त्याच्या बायकोला सामान हलवावं लागलं होतं. पाण्यासाठी ही गत. ह्यांनी तर अख्खी गाय बदलली होती. नोकरीची तीन वर्षं उरली होती आणि ह्या दोन खोल्या सोडल्या तर डोक्यावर दुसरं छप्पर नव्हतं.

‘हे बघा,’ बायको म्हणाली, ‘त्यानं काही विचारलं तर “गाय तीच” एवढं म्हणायचं. बस्स. पुढे एक अक्षर नाही. तुम्ही एक बोलायला जाता आणि चार बोलून येता.’

‘गाय तीच,’ काकांनी म्हणून बघितलं.

‘असं मेल्यासारखं नका म्हणू. नेहमीसारखं म्हणा.’

तो आठवडा काही विचारू नका. काकांना जेवण जाईना. गोठ्याच्या दारात कुणाची सावली पडली तरी काळजात धस्स व्हायचं. त्यातच मॅडमनी गाईच्या तब्येतीचा दाखला मागवला आणि नवे डॉक्टर तपासायला आले. पोरगेलासा, कामाचा चोख माणूस. ‘जरा दात बघू,’ म्हणाला. गाईचं वय दातांवरून कळतं हे काकांना त्या डॉक्टरच्या जन्माआधीपासून ठाऊक होतं.

‘तोंडाला हात लावू देत नाही ती,’ काका म्हणाले. ‘फार तापट आहे. एकाचं बोट थोडक्यात वाचलं.’

ही तापट गाय त्या वेळी डॉक्टरची बाही मन लावून चाटत होती. डॉक्टरनं बाहीकडे बघितलं, काकांकडे बघितलं, बिल्ल्यावरचा नंबर वहीशी ताडून बघितला आणि सोळा वर्षं असं लिहून टाकलं. ‘कमाल आहे,’ तो म्हणाला. ‘मला तर आठ-नऊची वाटते.’

‘खाणंपिणं चांगलं आहे,’ काका म्हणाले, आणि डॉक्टरची पाठ वळताच वैरणीच्या ढिगावर मटकन बसले.

काय काय डोक्यात आलं नाही त्यांच्या. गाय आजारी आहे म्हणून सांगावं, तर दाखला ठणठणीत असल्याचा मिळालेला. स्वतःच आजारी पडावं, तर मॅडम दुसऱ्या कुणाला उभं करतील आणि काय चाललंय तेही आपल्याला कळणार नाही. एके दुपारी ते बुटाच्या काळ्या पॉलिशची डबी घेऊन आले. उजव्या डोळ्याला डाग रंगवावा आणि डाव्याचा चुन्यानं झाकावा असा बेत होता. डबी उघडून ते धाकटीसमोर उभे राहिले आणि धाकटीनं ती हुंगून एक सणसणीत शिंक दिली. सदऱ्यावर उडालेले काळे डाग घेऊन घरी गेल्यावर ‘अहो गायकाका’ ऐकावं लागलं ते वेगळंच.

ठरल्या दिवशी सकाळी फोटोग्राफर आला. सत्तरीचा, हडकुळा, खांद्यावर जुनी बॅग. काकांची कल्पना होती की तो आल्याआल्या गाईकडे टक लावून बघेल. त्यानं गाईकडे नीट बघितलंसुद्धा नाही. तो बघत होता काकांकडे. काकांनी नजर वळवली की बघायचा, आणि काकांनी बघितलं की नजर वळवायचा.

‘मूळ फोटो आणलात ना?’ मॅडमनी विचारलं.

‘घर बदललं ना मध्ये,’ तो पुटपुटला. ‘शोधतोय. सापडेल.’

काकांचा अर्धा जीव परत आला. पण उरलेला अर्धा म्हणत होता, हा माणूस आपल्याकडे असा का बघतोय? ह्याला कळलंय. ह्याला सगळं कळलंय आणि आता तो एकेक करून सोलणार.

‘उजेड कुठून येतो ते बघावं लागेल,’ फोटोग्राफर मॅडमना म्हणाला. ‘काकांना जरा घेऊन जाऊ बरोबर?’

पाण्याच्या टाकीमागे गेल्यावर तो थांबला. कुणी बघत नाही ना, ह्याची त्यानं खात्री करून घेतली.

‘तुमचे आभार मानायचे राहिलेत,’ तो हळू आवाजात म्हणाला.

‘कशाचे?’

‘बारा वर्षं तुम्ही तोंड उघडलं नाहीत, त्याचे.’

हा टोमणा आहे असं काकांना वाटलं. बायकोनं पढवलेलं तेवढं वाक्य तोंडाशी आलं आणि ते म्हणाले, ‘गाय तीच.’

‘बघा,’ फोटोग्राफरचे डोळे भरून आले. ‘अजून सांभाळून घेताय मला. मॅडमचा फोन आल्यापासून माझी झोप उडालीय हो. म्हटलं, बाकी कुणाला नाही तरी धार काढणाऱ्याला पहिल्या दिवशीच कळलं असणार. आपली गाय कोण ओळखणार नाही?’

काकांना काही समजेना. समोरचा माणूस बारा वर्षांचं साचलेलं ओतत गेला. त्या दिवशी त्यानं इथे गाईचे छत्तीस फोटो काढले होते, अख्खा रोल. कॅमेऱ्याचं मागचं झाकण नीट लागलेलं नव्हतं, आत उजेड शिरला आणि रोल सगळाच्या सगळा काळा. निवृत्तीनंतर काढलेला नवा धंदा, पहिलं मोठं काम. परत येऊन सांगायची लाज वाटली. मेव्हण्याच्या शेजारी एक गाय होती, डोळ्याभोवती तसाच डाग असलेली. डोळा कुठला, हे तेव्हा त्याच्या ध्यानातच आलं नाही. तिचा फोटो काढून त्यानं डेअरीला दिला.

‘नुसतं तोंडच छापणार होते म्हणून खपलं,’ तो म्हणाला. ‘छापून आल्यावर तुमचे सुपरवायझर म्हणाले, फोटो छापताना उलटा झालेला दिसतोय. मी म्हटलं, हो.’

म्हणजे कसला उलटा आणि कसला सुलटा. मूळ फोटो कुठे नव्हताच. आता गाईशेजारी धरून बघायला जगात काही उरलेलं नव्हतं, आणि ज्याची धास्ती घेऊन काका आठवडाभर अर्धे झाले होते तो माणूस त्यांनाच टरकून होता. काकांचा जीव भांड्यात पडला. त्यांना हसू यायला लागलं. ते टाकीला हात टेकून हसले, फोटोग्राफरही रडता रडता हसला, आणि दोन म्हातारे बराच वेळ तिथे उगाच एकमेकांचे खांदे थोपटत राहिले.

‘माझ्याकडून कुणाला कळणार नाही,’ काका म्हणाले. मग सहज म्हणून त्यांनी विचारलं, ‘त्या छत्तिसांतला एखादा तरी असेल ना? धूसर का होईना?’

‘एकही नाही हो. टाकून दिला रोल. छान उभी राहिली होती बिचारी.’

परत येताना काकांना एकेक उमगायला लागलं. पिशवीवर ती नव्हती. चौकातल्या पुतळ्यात नव्हती, टोप्यांवर नव्हती. पाच वर्षं ज्या तोंडाला ते कात्री लागू देत नव्हते ते कुणाच्या तरी शेजाऱ्याच्या गाईचं होतं. डेअरीच्या वहीत ती जिवंत होती आणि तिच्या जागी तिची मुलगी मेलेली होती. ती होती आणि गेली, असं सांगणारं कागदाचं कपटंसुद्धा कुठे नव्हतं. काकांना इतकं वाईट ती गेली त्या दिवशीही वाटलं नव्हतं, कारण त्या दिवशी भीतीच फार होती.

अंगणात सगळी तयारी झाली होती. धाकटीला धुऊन पुसून उभी केली होती. बायको नळापाशी बादली घेऊन थांबली होती आणि डोळ्यांनी विचारत होती, काय झालं. काकांनी मान हलवली, सगळं ठीक आहे म्हणून. तिच्या चेहऱ्यावरचा ताण उतरलेला त्यांना एवढ्या लांबून दिसला.

फोटोग्राफरनं पाच-सहा फोटो काढले. मग मॅडम वही-पेन घेऊन पुढे आल्या.

‘गायकाका, पिशवीवर छापायला तुमचं एक वाक्य हवंय. साधंच. बारा वर्षं हिची धार काढताय तुम्ही. काय सांगाल हिच्याबद्दल?’

सगळे त्यांच्याकडे कौतुकानं बघत होते. दोन शब्द म्हटले की झालं. नोकरीची तीन वर्षं, दोन खोल्या, सगळं शाबूत. त्यांनी धाकटीच्या पाठीवर हात ठेवला.

‘ही ती नाही,’ ते म्हणाले.

मॅडमनी ते लिहायला घेतलं आणि पेन थांबलं. ‘म्हणजे?’

‘ही तिची मुलगी. ती मेली. पाच वर्षं झाली. चाऱ्याच्या खोलीची कडी लावायची माझ्याकडून राहिली, ओला घास खाल्ला तिनं, पोट फुगलं आणि मेली. ह्या गाईचा काही दोष नाही, आणि दुसऱ्या कुणाचाही नाही. लिहून घ्या.’

मागे कुणीतरी हसायला लागलं आणि मधेच थांबलं. फोटोग्राफर कॅमेरा छातीशी धरून पांढराफटक उभा होता. पण काकांनी त्याच्याकडे बघितलं नाही आणि त्याच्याबद्दल चकार शब्द काढला नाही.

‘पण काका,’ मॅडम हळूच म्हणाल्या, ‘तुम्हाला कुणी विचारलं नव्हतं. कुणाला संशयसुद्धा नव्हता. आत्ता का सांगताय?’

‘कुणी विचारणारच नव्हतं म्हणून,’ काका म्हणाले.

बायकोनं बादली खाली ठेवली. सगळ्यांच्या मधून ती चालत आली, नवऱ्याशेजारी उभी राहिली आणि पदरानं हात पुसले.

‘फार गुणी गाय होती ती,’ ती मॅडमना म्हणाली.